जालन्याचं इंजिन

"ढकलू नका! अहो, ढकलू नका म्हणतेय ना!"

अमृतानं स्कूटी कडेला लावली आणि पावसातच हाक दिली. हर्सूलच्या चढावर क्रीम रंगाची जुनी अॅम्बेसेडर उभी होती. बॉनेटच्या फटींतून वाफ निघत होती आणि गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला एक तरुण मागून तिला रेटत होता. परतीचा पाऊस होता, जाता जाता उरलंसुरलं सगळं ओतून मोकळा होणारा.

तरुण थांबला. कपाळावरचे ओले केस त्यानं मनगटानं मागं सारले. "मग काय करू? आरती ओवाळू?"

"ओवाळा. त्यानं निदान नुकसान तरी होणार नाही. इंजिन जाम झालंय. धक्का मारून चालू करायला गेलात तर आत शाबूत असेल तेही मोडेल."

"एवढ्या लांबून कळलं तुम्हाला?"

"वासावरून. तेल करपलंय. घरी दूध करपलं की कळत नाही का?"

"आमच्याकडं दूध मीच करपवतो," तो म्हणाला. "त्यामुळं मला कळत नाही."

अमृताला हसू आलं. ते लपवायला तिनं ओढणीनं चेहरा पुसला.

ड्रायव्हरच्या जागी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. पांढरा बुशशर्ट, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ. अमृता खिडकीतून आत वाकली. "काका, काटा बघा की! लालच्या पार टोकाला टेकलाय. गाडी मघापासून तापत असणार. दिसला नाही का?"

काकांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण मागून तो तरुणच घाईघाईनं म्हणाला, "मी चालवत होतो. ढकलायला उतरलो म्हणून अण्णा तिथं बसले. माझंच लक्ष नव्हतं."

"कुठं होतं लक्ष?"

"तेव्हा कुठंच नव्हतं..." त्याच्या पापण्यांवरून पाणी ओघळत होतं. "आता आहे."

अमृतानं उगाचच स्कूटीच्या किल्लीशी चाळा केला. मग म्हणाली, "जाफर गेटजवळ आमचं वर्कशॉप आहे. पप्पा इंजिनाचीच कामं करतात. मीही तिथंच असते. टेम्पोला बांधून आणा."

"तुम्ही असता — मग आणतोच," तो म्हणाला.

त्याचं नाव सुदर्शन. वेरूळ-अजिंठ्याला तो गाइड होता, जपानी शिकला होता आणि जपानी पाहुण्यांना लेणी दाखवायचा. ड्रायव्हरच्या जागी बसलेले त्याचे वडील राजेंद्र. सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. याच गाडीतून त्यांनी अर्धी हयात पाहुण्यांना स्टेशनवरून लेण्यांना नेलं होतं. स्टँडवरच्या बाकी सगळ्यांनी स्वस्त पडतात म्हणून गाड्यांना डिझेल इंजिनं बसवून घेतली, तेव्हाही अण्णांनी हिच्या इंजिनाला हात लावू दिला नव्हता. धंदा सुटला, गाडी राहिली.

अमृताची गोष्ट थोडी वेगळी. पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून ती एका कंपनीत लागली होती. तिथं दिवसभर स्क्रीनवरचे आकडे बघायचे. वर्षभरात ती कंटाळली आणि वडिलांच्या, बद्रीनाथांच्या, वर्कशॉपमध्ये परत आली. आईला वाटलं, पोरीचं लग्न आता काही जमत नाही. अमृताला वाटलं, हात तेलानं काळे झाले की डोकं कसं स्वच्छ राहतं.

गाडी आली. इंजिन खोललं, तेव्हा टेबलाभोवती चौघं उभे होते — बद्रीनाथ, त्यांचे लेथवरचे जुने टर्नर मोतीराम, अमृता आणि सुदर्शन. बद्रीनाथांनी ब्लॉकवर बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. केसासारखा बारीक तडा गेला होता.

"ब्लॉक चिरलाय," ते म्हणाले. "ह्याला धातूचे टाके घालायचे, सिलिंडरात नवे लायनर बसवायचे, क्रँक घासायचा. आन् पिस्टन? ते आता कुठं मिळायचे देव जाणं. मी तर म्हणतो, ह्याच्या नादी लागू नका. दुसरं इंजिन टाका. आठ दिवसांत गाडी रस्त्यावर."

"दुसरं म्हणजे?"

"मोडीत निघालेल्या एखाद्या अॅम्बेसेडरचं मिळालं तर तेच. नाहीतर डिझेल."

सुदर्शननं अमृताकडं पाहिलं. "तुम्ही सांगा."

अमृता ब्लॉकवरचा नंबर कापडानं पुसत होती. काळ्या थराखालून एकेक आकडा वर येत होता. "गाडीच्या कागदावर हाच नंबर आहे. म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून हेच इंजिन. असं आता फार कमी गाड्यांचं राहिलंय." तिनं मान वर केली. "वाचेल हे. मी बांधते."

"किती दिवस लागतील?"

"संक्रांतीपर्यंत."

"एवढे?" त्याचा चेहरा उतरला. "अण्णा म्हणायचे, इंजिन बदललं की गाडी नुसती नावाची राहते..."

"मग झालं की!"

"झालं..." तो रेंगाळला. "पण दुसरं मिळतंय का, तेही बघाल? असंच, अॅम्बेसेडरचंच. मिळालं तर लगेच कळवा."

"एवढी कसली घाई आहे?"

त्यानं खांदे उडवले. "अण्णांना गाडीशिवाय करमत नाही."

यात खोटं काही नव्हतं. पण खरं होतं तेही त्यानं पुरतं सांगितलं नाही.

मोतीरामकाकांच्या ओळखीनं आठवड्यातच खबर लागली. जालन्याला एका बियाण्यांच्या व्यापाऱ्याची अॅम्बेसेडर होती, मागून ट्रॉलीनं ठोकलेली. मागचा भाग चेपलेला, इंजिन जसंच्या तसं. अमृता आणि काका एसटीनं जाऊन आले.

गोदामाच्या मागच्या अंगणात ती गाडी उभी होती. मालकानं किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला इंजिन चालू झालं. अमृतानं वर तळहात ठेवला. थरथर नाही, खडखड नाही. दुपारी झोपलेल्या मांजरासारखी एकसारखी घरघर.

"नशीब काढलं पोरानं," मोतीरामकाका म्हणाले.

अमृता हात न काढता उभी राहिली. हे इंजिन नेलं तर आठ दिवसांत काम संपेल. बॉनेट बंद होईल. सुदर्शन हसून 'थँक्यू' म्हणेल, गाडी गेटातून बाहेर काढेल, आणि... आणि काय? कोपऱ्यावर वळेल. ते जुनं इंजिन भंगारात जाईल. तिनं स्वतःला सांगितलं की तिला त्या जुन्या इंजिनाचं वाईट वाटतंय. वाटत होतंच. पण तिनं हात काढून घेतला तो काही तेवढ्यासाठीच नव्हे.

"नको," ती मालकाला म्हणाली.

"का गं?" काकांना कळेना.

"तेल जाळतंय वाटतं. मला नाही पटलं."

काकांनी धुराकडं पाहिलं. धूर स्वच्छ होता. "तू म्हणशील तसं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुदर्शन आला तोच विचारत. "मिळालं का कुठं?"

"नाही."

"बरं..." त्यानं मोठा श्वास सोडला. मग एकदम हसला. "मग बांधा हेच. तुमच्या हातात दिलंय, आता मला काळजी नाही."

त्यानंतरचे दिवस कसे गेले, हे अमृताला कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. लेणी बंद झाली की सुदर्शन थेट वर्कशॉपला यायचा. सुरुवातीला स्टुलावर बसून नुसता बघायचा. मग तिनं त्याच्यापुढं रॉकेलची परात आणि ब्रश सरकवला.

"फुकट बसायचं नाही इथं."

"पाहुण्यांना तुम्ही असंच वागवता?"

"पाहुणे रोज येत नसतात."

तो व्हॉल्व्ह घासायचा आणि दिवसभराच्या गमती सांगायचा. कैलास लेणं पाहून एक जपानी आजीबाई रडल्या होत्या. का रडता म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, आमच्या ह्यांनी हे पाहायला हवं होतं. एका पाहुण्यानं शेंग समजून भज्यातली अख्खी मिरची खाल्ली होती. अमृता हसायची, आणि हसताना पाना निसटायचा. बद्रीनाथ लांबून बघायचे आणि मुद्दाम खोकायचे.

"काम कधी होणार?" हा त्याचा रोजचा प्रश्न.

जपानीत 'जरा थांबा' कसं म्हणायचं, ते तिनं त्याच्याकडूनच शिकून घेतलं होतं. "मात्ते कुदासाई," ती म्हणायची.

"उच्चार चुकला."

"मग रोज शिकवा."

केव्हातरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. आधी त्याच्याकडून चुकून, मग तिच्याकडून मुद्दाम.

पिस्टनचा पत्ता लागला कन्नडला. तिथल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकच्या माळ्यावर याच मापाचा सेट पडून होता, कागदातून न काढलेला. एका मंगळवारी, वेरूळ बंद असतं त्या दिवशी, दोघं स्कूटीवर निघाले. जाताना ती चालवत होती. येताना त्यानं हट्टानं किल्ली घेतली. खोकं मांडीवर धरून ती मागं बसली. खुलताबादच्या उतारावर वारा गार लागायला लागला, तेव्हा काही न बोलता त्यानं स्वतःचं जॅकेट काढून मागं दिलं. त्या जॅकेटला धुळीचा आणि लेण्यांतल्या थंड दगडाचा वास होता. तिला तरी तसं वाटलं.

दौलताबादजवळ रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडल्या होत्या. दोघं थांबले.

"बिया मोजून टाकायच्या," सुदर्शन म्हणाला. "ज्याच्या जास्त निघतील त्यानं एक खरं बोलायचं."

"हा कुठला खेळ?"

"आत्ताच काढला."

त्याच्याच बिया जास्त निघाल्या. पाटीवाली बाई पदराआडून हसत होती. सुदर्शननं बोटं पुसली, किल्ल्याकडं पाहिलं, पायाखालच्या मातीकडं पाहिलं.

"अमृता, अण्णांचं असं आहे..."

"अण्णांचं काय?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती मांडीवरचं खोकं दोन्ही हातांनी सांभाळून बसली होती, लहान पोर धरावं तसं. काय झालं कुणास ठाऊक, त्यानं वाक्य वळवलं.

"अण्णांना तू आवडलीस. त्या दिवशीच. म्हणाले, रागावते पण चांगली."

"हे खरं तुझं नाही, अण्णांचं झालं."

"माझं पुढच्या वेळी," तो म्हणाला. "गाडी सुरू होईल त्या दिवशी."

तिनं बी दूर भिरकावली. चेहरा लपवायला तेवढं एकच काम हाताशी होतं.

पण गाडी सुरू व्हायचा दिवस पुढं पुढं सरकत गेला. टाके घातलेल्या जागी पाणी झिरपलं. ते काम पुन्हा करावं लागलं. क्रँकचे बेअरिंग बाहेरगावाहून आले ते चुकीच्या मापाचे. संक्रांत झाली. तिळगूळ देताना सुदर्शनची बोटं तिच्या तळहातावर क्षणभर जास्तच थांबली. पण तो हसला नाही.

"अमृता, खरंच लवकर नाही का होणार? थोडं इकडं तिकडं झालं तरी चालेल."

"इकडं तिकडं झालेलं इंजिन माझ्या हातून बाहेर जात नाही." तिनं चिडवायला म्हटलं, "एवढी घाई असेल तर उद्यापासून येऊ नकोस. काम लवकर होईल."

एरवी त्यानं यावर काहीतरी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी तो नुसता मान हलवून गेला. मग चार-सहा दिवस आलाच नाही. आला तेव्हा डोळ्यांखाली काळं होतं. "दवाखाना चालू आहे," एवढंच म्हणाला. "कुणाचा?" तिनं विचारलं. "म्हातारपण," तो म्हणाला आणि ब्रश उचलून व्हॉल्व्ह घासायला लागला. ते केव्हाच घासून चकचकीत झालेले होते.

मार्चमधल्या एका सकाळी इंजिन गाडीत बसलं. अमृतानं किल्ली फिरवली आणि श्वास रोखून धरला. दोनदा घुरघुरलं... आणि लागलं. बद्रीनाथांनी हातातला कप खाली ठेवला. इंजिन थरथरतंय का बघायला मोतीरामकाकांनी बॉनेटवर नाणं उभं करून पाहिलं. नाणं पडलं नाही. अमृताच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं तेलकट हातानंच पुसलं, आणि गालावर काळा पट्टा ओढला गेला.

"ये," तिनं फोनवर सांगितलं. "अण्णांना घेऊन ये. आणि तुझं ते... सीताफळाचं राहिलेलं, तेही घेऊन ये."

"येतो," तो म्हणाला.

तिनं तोंड धुतलं, ड्रेस बदलला, आईचे कानातले घातले.

दुपारी रिक्षा गेटाशी थांबली. आधी सुदर्शन उतरला. मग त्यानं हात आत घातला, आणि अण्णा उतरले. त्यांनी मुलाचा दंड घट्ट धरला होता. दुसरा हात पुढं, हवेत. पाय उचलून, चाचपून खाली टेकवत ते येत होते. गेटाचा उंबरा आला तेव्हा सुदर्शन हळूच म्हणाला, "अण्णा, पायरी."

अमृताच्या हातातली किल्ली तशीच राहिली.

"कुठंय?" अण्णांनी विचारलं. सुदर्शननं त्यांचा हात बॉनेटवर ठेवला. हात बॉनेटवरून फिरला, काचेवरून, दारावरून गेला. दाराची मूठ मात्र त्यांना शोधावी लागली नाही. ते आत बसले. किल्ली मागितली. गाडी सुरू झाली आणि अण्णांनी डोळे मिटले. एरवीही त्यांना तेवढंच दिसत होतं.

"आवाज तोच हाय," ते म्हणाले. "लई दिवसांनी ऐकला. कुणी बांधलं?"

"मी, काका," अमृता म्हणाली.

"हात चांगला हाय पोरी तुझा." त्यांनी क्लच दाबला. हातानं पहिला गिअर टाकला. गाडी पुढं जायला आसुसली होती. क्षण, दोन क्षण. मग अण्णांनी गिअर काढला, हात स्टिअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले. "सुदर्शन, तू ये इकडं. मी सरकतो."

"काका..." अमृता खिडकीशी आली. "तुम्हीच म्हणायचात ना... इंजिन बदललं की गाडी नुसती नावाची राहते... म्हणून मी..."

"म्हणायचो की," अण्णा सरकत सरकत म्हणाले. आवाजात राग नव्हता. "ते तवाचं बोलणं, बाई. तवा डोळे होते."

काहीतरी बोलायचं म्हणून मोतीरामकाका म्हणाले, "ते जालन्याचं घेतलं असतं ना, तर दिवाळीतच गाडी फिरली असती. चांगलं होतं ते. हिलाच काय पटलं नाय..."

सुदर्शननं मान वळवली. "कुठलं जालन्याचं?"

मोतीरामकाका गोंधळले. अमृता गोरीमोरी झाली. सुदर्शननं तिच्याकडं पाहिलं, आणि उत्तर कुणी द्यायची गरज उरली नाही.

"अण्णा, बसा जरा," तो म्हणाला. "आलोच."

वर्कशॉपच्या मागं, भंगारात काढलेल्या ब्लॉक्सच्या ढिगाजवळ दोघं उभे राहिले. ऊन चटचटत होतं.

"मी विचारलं होतं तुला," तो म्हणाला. "मिळालं का म्हणून."

"हो."

"तू नाही म्हणालीस."

"हो." तिनं वर पाहिलं. "सुदर्शन, मला डोळ्यांचं माहीत नव्हतं रे. तू एकदाही बोलला नाहीस. का नाही सांगितलंस?"

"काचबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, थोडंच उरलंय, तेही राहणार नाही. त्या दिवशी हर्सूलला गाडी तेच चालवत होते. काटा दिसला नाही त्यांना." तो थांबत थांबत बोलत होता. "त्यांचं एकच मागणं होतं. पहाटे, रस्ता मोकळा असताना, एकदा वेरूळचा घाट चढायचा. मी शेजारी बसणार होतो, हात स्टिअरिंगजवळ ठेवून. हे तुला सांगितलं असतं, तर तू गाडी दिली असतीस?"

अमृतानं विचार केला. खोटं बोलायची आता सोय नव्हती.

"नसती दिली."

"म्हणून नाही सांगितलं." तो कडवट हसला. "दौलताबादला तोंडापर्यंत आलं होतं. वाटलं, ही एवढ्या मायेनं करतेय, होईल वेळेत. पण तू... तू का?"

"इंजिन वाचवायचं होतं..."

"अमृता."

"ते होतंच. पण... जालन्याचं बसवलं असतं तर आठ दिवसांत तू गेला असतास. मला तू यायला हवा होतास. रोज. बस, एवढंच."

कितीतरी वेळा हे वाक्य तिनं मनात बोलून पाहिलं होतं. कधी दौलताबादच्या रस्त्यावर, कधी पावसात. प्रत्येक वेळी ते ऐकून तो हसला होता.

आता तो हसला नाही. त्यानं दोन्ही हातांनी चेहरा चोळला.

"मलाही हेच सांगायचं होतं," तो म्हणाला. "आज. रिक्षात तेच घोकत आलो."

"मग सांग की..." ती कळवळून म्हणाली.

"आता कसं सांगू? तू समोर आलीस की मला तू दिसतेस, आणि तुझ्यामागं अण्णा दिसतात. मांडीवर हात ठेवून बसलेले. तुझी एकटीची चूक नाही, मला कळतं. मी बोललो असतो तर... पण कळून काय करू?"

तो गेला. गाडी गेटातून बाहेर पडताना तिनं पाहिली नाही, फक्त ऐकली.

पंधरवडाभर तिनं वाट पाहिली. फोन नाही, काही नाही. शेवटी तीच पदमपुऱ्यात त्यांच्या घरी गेली. अण्णा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. तिनं नाव सांगायच्या आधीच म्हणाले, "ये बाई. चपलेवरून ओळखलं."

ती त्यांच्या पायाशी बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. जालन्याचं, तिथं खोटं बोलल्याचं, का बोलली त्याचंही. अण्णा ऐकत राहिले. मग त्यांनी चाचपत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सुदर्शननं सांगितलंय मला. माझा राग नाय. त्या नजरंनं घाट चढलो असतो तर काय झालं असतं, कुणी सांगावं? पोराला घेऊन दरीत गेलो असतो, म्हणून देवानंच अडवलं म्हणतो मी." ते थोडं थांबले. "ते पोरगं मात्र तसं म्हणत नाय. मी लई समजावलं. त्याचं मन मला नाय वळवता येत, बाई."

आतून सुदर्शन पाण्याचा तांब्या घेऊन आला. दाढी वाढली होती. तिला पाहून क्षणभर त्याचे डोळे हलले, पूर्वीसारखे. मग शांत झाले.

"पाणी घ्या," तो म्हणाला.

घ्या. त्या एका शब्दानं तिला किती लांब नेऊन ठेवलं! तिनं पाणी घेतलं. तहान नव्हती, तरी प्याली.

"ऊन झालंय," अण्णा म्हणाले. "तिला गाडीनं सोडून ये."

"नको, मी रिक्षानं..."

"सोडून ये," अण्णा मुलाला म्हणाले.

दोघं गाडीत बसले. क्रांती चौकातून गाडी वळली. नाइलाजानं अमृता इंजिन ऐकत राहिली. कुठं एखादी ठोकर, कुठं एखादी कुरकुर... तिला ती हवी होती. बॉनेट उघडून बघते म्हणता आलं असतं. उद्या आण म्हणता आलं असतं. पण चढावर गाडी दमली नाही, सिग्नलला थरथरली नाही, गिअर लोण्यासारखे पडत होते. तिनं आयुष्यात इतकं चांगलं काम कधी केलं नव्हतं.

वर्कशॉपच्या गेटाशी तो थांबला. तिनं दार उघडलं, खाली उतरली आणि खिडकीच्या काठावर हात ठेवून उभी राहिली.

"इंजिन छान झालंय," तो समोर पाहत म्हणाला. ते त्यानं मनापासून म्हटलं होतं.

"काही आवाज वगैरे यायला लागला तर... तर घेऊन या."

त्यानं पहिला गिअर टाकला.

"नाही येणार," तो म्हणाला.

आवाज येणार नाही, की तो येणार नाही, हे तिनं विचारलं नाही. तिनं खिडकीवरचा हात काढून घेतला, आणि गाडी एकसारखी घरघरत, कुठंही न अडखळता, मोंढ्याच्या गर्दीत निघून गेली.